विंचवाचं बिऱ्हाड: व्हर्च्युअल मशीन एका घरातून दुसऱ्या घरात कशी जाते

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण गोष्ट इतिहासाची आहे. इअरफोन नीट बसवा, चहा असेल तर जवळ घ्या, आणि चला.

२२ नोव्हेंबर २०२३. या दिवशी ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. व्यवहार जाहीर झाला होता मे २०२२ मध्ये, तेव्हा आकडा सांगितला गेला सुमारे ६१ अब्ज डॉलर. बँका, हॉस्पिटलं, विद्यापीठं, सरकारी खाती, यांच्या सर्व्हररूममध्ये वर्षानुवर्षं व्हीएमवेअर चालत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मालकाने जाहीर केलं की कायमस्वरूपी लायसन विकणं बंद, यापुढे फक्त सबस्क्रिप्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट मिळणारं ईएसएक्सआयही बंद झालं. ते पुढे २०२५ मध्ये परत आलं, पण तोवर लोकांच्या मनात प्रश्न शिरला होता: आपल्याला इथून निघायचं असेल, तर निघता येईल का?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फाइल. फाइल कॉपी करायची, दुसरीकडे न्यायची, चालू करायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, इतकं सोपं असायला हवं. मग लोक घाबरले का? याचं उत्तर शोधायला आपल्याला साठेक वर्षं मागे जावं लागेल.

एकाच मालकाची चाळ

१९६० च्या दशकात कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा आणि त्याची किंमत ऐकून कंपनीचा मालकसुद्धा खुर्चीत नीट बसायचा. एवढं महाग यंत्र एका वेळी एकाच माणसाने वापरणं परवडणारं नव्हतं. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमधल्या इंजिनिअरांनी एक युक्ती काढली. प्रत्येक माणसाला वाटावं की अख्खं मशीन आपलंच आहे, आणि आत मात्र एकच खरं मशीन सगळ्यांत वाटलेलं असावं. १९६७ मध्ये सीपी-४० ही सिस्टीम वापरात आली, पाठोपाठ सीपी-६७, आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० हे प्रॉडक्ट बाजारात आणलं.

या काळात इमेज एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. हार्डवेअर आयबीएमचं, हायपरवायझर आयबीएमचा, डिस्कही आयबीएमची. हायपरवायझर म्हणजे खऱ्या मशीनवर बसून खोटी मशीन चालवणारा प्रोग्राम. तिथे पाहुण्या मशीनची डिस्क म्हणजे फाइल नव्हती. खऱ्या डिस्कवरचे काही सिलिंडर कापून त्याला दिले जायचे, त्याला मिनीडिस्क म्हणत. चाळीत एकाच मालकाच्या दहा खोल्या असाव्यात, तसं. खोली बदलली तरी मालक तोच.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एक पेपर लिहिला. एखादा प्रोसेसर व्हर्च्युअल मशीन चालवायला लायक आहे की नाही हे कसं ठरवायचं, याची कसोटी त्यात आहे. साध्या भाषेत सांगायचं तर: मशीनची अवस्था बदलणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक सूचना पाहुण्याने दिली, की प्रोसेसरने थांबून हायपरवायझरला हाक मारली पाहिजे. पाहुण्याने घराची वायरिंग बदलायला घेतली, तर घरमालकाला कळलं पाहिजे, एवढीच अट.

सतरा सूचना

आता आपल्या ओळखीच्या एक्स८६ प्रोसेसरकडे या. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर याच घराण्यातले. ही चिप पोपेक-गोल्डबर्गच्या परीक्षेत नापास होती. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या सूचना एकेक करून तपासल्या आणि त्यातल्या १७ अडचणीच्या निघाल्या. उदाहरणार्थ पॉप-एफ नावाची सूचना. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमने ती वापरून इंटरप्ट बंद करायला सांगितले, तर प्रोसेसर ते ऐकत नाही आणि तक्रारही करत नाही. हायपरवायझरला काही कळतच नाही.

पण तोवर ही अडचण काही जणांनी ओलांडलेली होती. स्टॅनफर्डमध्ये मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी एडुआर्ड बुन्यों, स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये डिस्को नावाच्या हायपरवायझरवर पेपर लिहिला. १९९८ मध्ये याच मंडळींनी डायन ग्रीन आणि एडवर्ड वाँग यांच्यासोबत व्हीएमवेअर कंपनी काढली. १९९९ च्या मे महिन्यात व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आलं. युक्ती अशी होती की पाहुण्याचा धोकादायक कोड चालण्याआधीच वाचायचा, त्यातल्या त्रासदायक सूचना बदलायच्या आणि सुरक्षित भाषांतर चालवायचं. याला बायनरी ट्रान्सलेशन म्हणतात.

साध्या पीसीवर, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत, आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम खिडकीत उघडायला लागली. आणि इथेच आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र रंगमंचावर येतं: डिस्कची फाइल. पाहुण्याला जी अख्खी हार्ड डिस्क वाटते, ती यजमानाच्या फोल्डरमध्ये पडलेली एक फाइल असते. व्हीएमवेअरच्या या फाइलचं नाव व्हीएमडीके.

१०० जीबीची डिस्क, ८ जीबीची फाइल

इथे एक क्षण थांबू, कारण ही गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं आहे.

समजा तुम्ही पाहुण्याला १०० जीबीची डिस्क दिली. त्याने त्यात ८ जीबीच वापरले. मग यजमानाच्या डिस्कवर १०० जीबी अडवून ठेवायचे का? सरळ मार्ग तोच आहे. त्याला रॉ इमेज म्हणतात. पहिला सेक्टर पहिल्या जागी, शेवटचा शेवटच्या जागी, मध्ये काही हिशोब नाही. ही इमेज जवळपास कुठेही वाचता येते, पण जागा खाते.

हुशार मार्ग असा की डिस्कचे ठरावीक मापाचे तुकडे पाडायचे, आणि जो तुकडा खरंच लिहिला गेला तेवढाच फाइलमध्ये साठवायचा. कुठला तुकडा फाइलमध्ये कुठे आहे, याचा एक तक्ता ठेवायचा. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखा. व्हीएमडीकेमध्ये तुकडा साधारण ६४ केबीचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएचडीमध्ये २ एमबीचा. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआयमध्ये १ एमबीचा. क्यूएमूच्या क्यूकाउ२ मध्ये पुन्हा ६४ केबीचा.

म्हणजे आतला माल सगळीकडे सारखा, तेच सेक्टर, तेच शून्य आणि एक. फरक वहीत. प्रत्येक कंपनीने आपली वही आपल्या पद्धतीने लिहिली, आणि सुरुवातीला दुसऱ्याला ती वाचता येईल याची कुणालाच घाई नव्हती. तुमच्या वीस सर्व्हरचा माल माझ्या वहीत लिहिलेला असेल, तर तुम्ही मला सोडून जाणार कुठे?

गाळलेला एक 'एन'

वहीच्या पद्धतींमध्ये इतिहास कसा अडकून बसतो, याचं माझं आवडतं उदाहरण व्हीएचडीचं आहे.

१९९७ मध्ये कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने व्हर्च्युअल पीसी काढलं. ते मॅकसाठी होतं. तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर असायचा, त्यावर विंडोज चालवायचं म्हणजे पेंटियमची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून दाखवावी लागायची. फेब्रुवारी २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे तंत्र कनेक्टिक्सकडून विकत घेतलं. फाइलचा फॉरमॅटही त्यासोबत आला.

व्हीएचडी फाइलच्या शेवटी ५१२ बाइटची एक शेपटी असते. त्या शेपटीच्या सुरुवातीला ओळख पटवणारा शब्द लिहायला ८ बाइटची जागा आहे. कनेक्टिक्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये अक्षरं ९. मग तिथे एक 'एन' गाळलेलं नाव लिहिलं जातं. कंपनी गेली, मॅकचं व्हर्च्युअल पीसी गेलं, पॉवरपीसी मॅक गेले. तरी आज अ‍ॅझ्युअरच्या क्लाउडमध्ये स्वतःची डिस्क अपलोड करायची असेल तर ती ठरीव आकाराची व्हीएचडी लागते, आणि तिच्या शेपटीत तेच अर्धवट नाव असतं. नवीन भाडेकरूच्या दारावर जुन्या मालकाची पाटी.

पाटी नुसती राहिली तर काय बिघडलं, असं वाटेल. पण आणखी एक गोष्ट राहिली. जुन्या काळी डिस्कचा आकार सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांच्या गुणाकाराने सांगायचे. व्हीएचडीच्या शेपटीत तो गुणाकारही आहे आणि थेट आकाराचा आकडाही आहे. हे दोन्ही नेहमी जुळत नाहीत. गुणाकाराची मजल तर १२७ जीबीच्या आसपासच संपते. मग वाचणाऱ्याने कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? क्यूएमूचा कोड यासाठी ही फाइल कुठल्या प्रोग्रामने बनवली हे बघतो आणि त्यावरून ठरवतो. चुकीचा आकडा धरला तर डिस्क थोडी लहान दिसू शकते, आणि लहान दिसली तर शेवटचा थोडा भाग बाहेर राहतो. घर बदलताना कपाटाचा खालचा ड्रॉवर विसरून यावा, तसं.

दुभाषी

२००३ हे साल लक्षात ठेवा. या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. मायक्रोसॉफ्टने कनेक्टिक्सचं तंत्र घेतलं. केंब्रिज विद्यापीठातून झेन या ओपन सोर्स हायपरवायझरचा पेपर आला. आणि फ्रान्समधल्या फाब्रिस बेलार्ड या प्रोग्रामरने क्यूएमू प्रसिद्ध केलं.

बेलार्ड हा वेगळाच माणूस. व्हिडिओच्या जगात जिथे तिथे वापरलं जाणारं एफएफएमपेग त्यानेच सुरू केलं. २००९ च्या शेवटी त्याने एका साध्या डेस्कटॉपवर पायचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढून जागतिक विक्रम केला. त्याचं क्यूएमू हे मुळात एका प्रोसेसरचे प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरवर चालवणारं सॉफ्टवेअर. पण त्याच्यासोबत एक छोटं टूल आलं, क्यूएमू-इमेज. आजच्या गोष्टीचा नायक म्हणायचं तर हे टूल.

ते काय करतं? प्रत्येक फॉरमॅटसाठी त्यात दोन कामं लिहिलेली आहेत: वही वाचून साधे सेक्टर बाहेर काढणं, आणि साधे सेक्टर घेऊन नवी वही लिहिणं. तुम्ही कन्व्हर्ट म्हटलं की मूळ फाइल एका बाजूने उघडते, मधून रॉ सेक्टर वाहतात, दुसऱ्या बाजूला नवी फाइल तयार होते. परदेशी जाताना रुपयाचे डॉलर करायचे आणि डॉलरचे तिथलं चलन, तसंच. हिशोब बघा: पाच फॉरमॅट असतील आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळं टूल लिहायचं म्हटलं तर २० टूलं लागतील. मध्ये रॉ ठेवलं तर पाच वाचणारे आणि पाच लिहिणारे, एवढ्यात भागतं. सहावा फॉरमॅट आला तर दोनच कामं वाढतात.

व्हर्च्युअलबॉक्स कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलं असेल. ते इनोटेक या जर्मन कंपनीचं. जानेवारी २००७ मध्ये त्याची ओपन सोर्स आवृत्ती आली, २००८ मध्ये सनने कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनला ओरॅकलने. व्हीडीआय फाइलच्या सुरुवातीलाच साध्या मजकुरात एक ओळ असते, ही कुणाची डिस्क इमेज आहे ते सांगणारी. जुन्या फाइलीत तिथे इनोटेकचं नाव सापडतं, नंतर सनचं, मग ओरॅकलचं. आणि क्यूएमूने बनवलेल्या व्हीडीआयमध्ये त्या जागी क्यूएमू स्वतःचं नाव लिहितं. तीन मालकांचा इतिहास फाइलच्या पहिल्या ओळीत.

दुभाष्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा धडा २००८ मध्ये मिळाला. तेव्हा क्यूएमू डिस्कची सुरुवात वाचून फॉरमॅट आपणहून ओळखायचं. कुणाच्या तरी लक्षात आलं की रॉ डिस्कवर पाहुणा काहीही लिहू शकतो, अगदी पहिल्या सेक्टरवरसुद्धा. त्याने तिथे क्यूकाउ२ चा हेडर लिहिला आणि त्यात म्हटलं की माझा मूळ डेटा यजमानाच्या अमुक फाइलमध्ये आहे, तर पुढच्या वेळी क्यूएमू भोळेपणाने ती फाइल पाहुण्याला वाचायला देईल! म्हणून कन्व्हर्ट करताना मूळ फॉरमॅट स्वतःहून सांगायची सवय लावा. ओळखायचं काम टूलवर सोडू नका.

सगळे अचानक उदार का झाले

२००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. त्या सतरा सूचनांचा प्रश्न हार्डवेअरने सोडवला. आता हायपरवायझर लिहायला स्टॅनफर्डच्या डोक्यांची गरज राहिली नाही. क्युमरानेट या कंपनीत अवी किव्हिटी याने केव्हीएम लिहिलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्स कर्नल २.६.२० चा भाग म्हणून बाहेर पडलं. पुढच्याच वर्षी रेड हॅटने क्युमरानेट १०.७ कोटी डॉलरला विकत घेतली.

थोडक्यात, हायपरवायझर स्वस्त झाला. २००६ मध्ये व्हीएमवेअरने व्हीएमवेअर सर्व्हर फुकट दिलं, मायक्रोसॉफ्टने व्हर्च्युअल सर्व्हर फुकट केलं. त्याच वर्षी व्हीएमडीके आणि व्हीएचडी या दोन्ही फॉरमॅटची माहिती दोघांनी इतरांसाठी खुली केली. हे प्रेमापोटी नव्हतं. बाजार कुणाच्या हातात जाणार हे अजून ठरायचं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की इतरांनी माझ्या वहीत लिहावं. स्पर्धा असते तेव्हा दारं उघडी असतात.

सप्टेंबर २००७ मध्ये डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स या सहा कंपन्यांनी मिळून ओव्हीएफ नावाचा मसुदा डीएमटीएफ या मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे दिला. नुसती डिस्क नेऊन भागत नाही, मशीनला किती मेमरी, किती प्रोसेसर, किती नेटवर्क कार्ड हेही सांगावं लागतं. ते सगळं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं. ही फाइल आणि डिस्क एकत्र गाठोड्यात बांधली की ओव्हीए. हे गाठोडं म्हणजे साधी टार फाइल असते, तुम्ही उघडून बघू शकता. २०११ मध्ये ओव्हीएफला आयएसओचा शिक्काही मिळाला.

मग प्रश्न मिटला? व्हर्च्युअलबॉक्समधून एक्सपोर्ट केलेली ओव्हीए ईएसएक्सआयमध्ये टाकून बघितली असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. व्हर्च्युअलबॉक्स हार्डवेअरचा प्रकार लिहितो 'व्हर्च्युअलबॉक्स-२.२'. ईएसएक्सआय म्हणतो, हे हार्डवेअर मी ओळखत नाही. प्रमाण असं ठरलं की फॉर्म सगळ्यांचा एक, पण काही रकाने ज्याने त्याने आपल्या मनाने भरायचे. लोक मग टेक्स्ट एडिटर उघडून ती ओळ बदलतात, सोबतच्या मॅनिफेस्टमधला चेकसम पुन्हा काढतात किंवा मॅनिफेस्टच काढून टाकतात, आणि पुढे जातात.

फाइल पोचली, मशीन उठेना

समजा सगळं जमलं. व्हीएमडीकेचं क्यूकाउ२ झालं, केव्हीएमवर मशीन चालू केलं. विंडोज दोन सेकंद फिरतं आणि निळा पडदा: ०एक्स७बी, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. डिस्क जशीच्या तशी आहे. एक बाइटही हरवलेला नाही. तरी मशीन उठत नाही.

कारण पाहुण्याच्या डोक्यात जुन्या घराचा नकाशा आहे. व्हीएमवेअरने त्याला एका विशिष्ट प्रकारचा डिस्क कंट्रोलर दाखवला होता, त्याचा ड्रायव्हर विंडोजने बूटच्या यादीत ठेवला होता. नव्या घरात कंट्रोलर वेगळा. ड्रायव्हर आणायचा तर तो डिस्कवरून वाचावा लागणार, आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. किल्ली कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

लिनक्सचं दुखणं थोडं वेगळं, पण जात तीच. बूटच्या वेळी लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये नव्या डिस्कचा ड्रायव्हर नसेल तर तेही अडकतं. डिस्कचं नाव एसडीए होतं ते व्हीडीए होतं, आणि एफएसटॅबमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर माउंट होत नाही. नेटवर्क कार्डचं नाव बदलतं आणि सर्व्हर चालू असूनही कुणाला दिसत नाही. मूळ मशीन यूईएफआयवर असेल आणि नवं बायोसवर उघडलं, तर बूटलोडरपर्यंतसुद्धा गाडी जात नाही.

केव्हीएमच्या जगात या ड्रायव्हरच्या गोंधळावर उत्तर म्हणून व्हर्टआयओ आलं. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेलने ते मांडलं, २००८ मध्ये त्यावर पेपर लिहिला, आणि पुढे २०१६ मध्ये ओएसिस संस्थेने त्याचं मानक केलं. कल्पना अशी की खऱ्या कार्डाची नक्कल करायचीच कशाला? पाहुण्याला सरळ सांगू की बाबा, तू व्हर्च्युअल आहेस, ही घे आपल्या दोघांच्या बोलण्याची पद्धत. लिनक्समध्ये हे ड्रायव्हर आधीपासून असतात. विंडोजमध्ये ते आपल्याला घालावे लागतात.

घालायची जुनी, खात्रीची रीत अशी: मशीन आधी साध्या साटा किंवा आयडीई कंट्रोलरवर चालू करा, कारण तो विंडोजला ओळखीचा असतो. मग व्हर्टआयओवर एक छोटी रिकामी डिस्क जोडा. विंडोज नवीन हार्डवेअर बघून ड्रायव्हर बसवून घेतं. मशीन बंद करा, मुख्य डिस्क व्हर्टआयओवर हलवा, छोटी डिस्क काढून टाका. रेड हॅटमध्ये बनलेलं व्हर्ट-व्हीटूव्ही हे टूल असंच काम मशीन चालू न करताच करतं. बंद डिस्क उघडतं, आत कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे ते बघतं, ड्रायव्हर ठेवतं, बूटच्या सेटिंग बदलतं. नुसतं सामान हलवण्यापेक्षा हे मोठं काम आहे, नव्या घरात गॅसची शेगडी जोडून देण्यासारखं.

जी भिंत टूलने ओलांडत नाही

एक गोष्ट मात्र कुठलाही कन्व्हर्टर करू शकत नाही. २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिप आणली. मॅकने पुन्हा प्रोसेसरचं घराणं बदललं, या वेळी एक्स८६ सोडून आर्मकडे. अनेकांनी आपल्या जुन्या मॅकवरच्या विंडोजच्या आणि उबुंटूच्या इमेज नव्या मॅकवर कॉपी केल्या आणि त्या चालल्या नाहीत. फाइलचा फॉरमॅट कितीही बदला, आतले प्रोग्राम एक्स८६ च्या भाषेतच लिहिलेले आहेत. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे पाहुण्याच्या सूचना खऱ्या प्रोसेसरवर थेट चालवणं. भाषाच वेगळी असेल तर नक्कल करावी लागते, आणि ती हळू चालते. यूटीएमसारखं अ‍ॅप मॅकवर हेच करतं, आणि त्याच्या आत क्यूएमूच आहे. १९९७ मध्ये कनेक्टिक्सने मॅकवर जे केलं, तेवीस वर्षांनी लोक पुन्हा तेच करत होते.

परत २०२४

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. ब्रॉडकॉमच्या घोषणेनंतर लोक घाबरले का?

फाइल वाचता येत नव्हती म्हणून नाही. व्हीएमडीके वाचणारं क्यूएमू फुकट होतं, कोड उघडा होता, मानकं होती. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने तर मार्च २०२४ मध्ये ईएसएक्सआयवरून थेट मशीन ओढून घ्यायची सोय आपल्या प्रॉडक्टमध्ये दिली. एका मशीनचं स्थलांतर हे दुपारभराचं काम आहे. पण ज्यांच्याकडे हजार मशीन होती, त्यांच्याकडे हजार दुपारी नव्हत्या. शिवाय बॅकअप, नेटवर्क, मॉनिटरिंग, माणसांच्या हाताची सवय, सगळं एकाच मालकाच्या पद्धतीने बांधलेलं. साठेक वर्षांपूर्वीची ती आयबीएमची चाळ, फक्त पाटी वेगळी. ज्यांनी आधी कधी एक तरी मशीन बाहेर काढून बघितलं होतं, त्यांना निदान किती वेळ लागेल याचा अंदाज होता. ज्यांनी कधीच बघितलं नव्हतं, त्यांना नव्या दरपत्रकावर सही करण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. भाव करायचा तर दुकानातून बाहेर पडायची तयारी लागते, हे आपल्या आयांना मंडईत कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांचं दुखणं नाही. तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, एखाद्या छोट्या पतपेढीचं जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर, एखाद्या लॅबमधलं फक्त जुन्या विंडोजवर चालणारं मशीन, हे सगळं आज कुठल्या ना कुठल्या इमेजमध्ये बंद आहे. ती इमेज दहा वर्षांनी उघडेल का, हा प्रश्न तुमचाही आहे.

म्हणून जाता जाता पाच कामं सांगतो, लिहून घ्या.

एक, हलवायच्या आधी मशीन नीट शटडाउन करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते बंद झाल्यासारखं दाखवतं आणि खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं.

दोन, स्नॅपशॉट आधी एकत्र करा. स्नॅपशॉट असेल तर ताजा डेटा वेगळ्या फाइलमध्ये असतो. फक्त मूळ फाइल उचललीत तर जुनं मशीन मिळेल.

तीन, मशीन बायोसवर आहे की यूईएफआयवर, ते लिहून ठेवा. कंट्रोलर कुठला, मेमरी किती, हेही. ही माहिती डिस्कच्या फाइलमध्ये नसते.

चार, नव्या घरचे ड्रायव्हर जुन्या घरातच बसवून घ्या. लिनक्समध्ये एफएसटॅबला डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी द्या.

पाच, मूळ फाइल नवं मशीन निदान दोन आठवडे नीट चालेपर्यंत पुसू नका. आणि वर्षातून एकदा, काही गरज नसताना, एक मशीन दुसऱ्या हायपरवायझरवर उठवून बघा.

विंचवाला बिऱ्हाड हलवायला त्रास होत नाही, कारण त्याने पाठीवर मावेल एवढंच ठेवलेलं असतं. आपण तेवढं करू शकत नाही, पण गाठोडं सुटतंय का हे अधूनमधून बघू शकतो.

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्याकडे न उठणारी एखादी जुनी इमेज पडून असेल, तर या शनिवारी तिच्यावर हात चालवून बघा. कुठे अडली ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बॅकअप घ्या, आणि घेतलेला बॅकअप उघडूनही बघा.